मराठवाड्यातलं प्रत्येक रेल्वे स्टेशन: उतरून बघायचं असेल तर

मुंबईत एखाद्यानं लोकलची सगळी स्टेशनं पालथी घालायची ठरवली तर त्याला चिंता असते फक्त गर्दीची. एक गाडी सुटली की मागून दुसरी येतेच. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं पॅसेंजर आहे, आणि उखळीला किंवा पोटूळला ती चुकली तर पुढची कदाचित संध्याकाळी. म्हणून मराठवाड्यातली सगळी स्टेशनं करायची तर किलोमीटरचा हिशोब नंतर येतो, आधी येतो गाड्यांचा.

मी हे काम सुट्ट्यांच्या दिवशी, तुकड्या-तुकड्यानं केलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: आखणी मोठ्या स्टेशनापासून करायची नाही, जिथं सगळ्यात कमी गाड्या थांबतात त्या स्टेशनापासून करायची. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या मागं येतं.

आधी हद्द ठरवा

मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि रेल्वेची हद्द यांचा मेळ बसत नाही. आपली बरीचशी लाइन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे, पण लातूर-धाराशिवचा पट्टा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आणि लातूर रोड-उदगीरचा पट्टा सिकंदराबाद विभागात येतो. रेल्वेचा विभाग धरून यादी केली तर आपली कितीतरी स्टेशनं सुटतात आणि वाशीमसारखं विदर्भातलं स्टेशन यादीत शिरतं. म्हणून जिल्हा धरा. स्टेशन ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन आठ जिल्ह्यांतली असेल तरच ते यादीत.

मग कडा अशा ठरतात. मनमाडहून येताना अंकाई किल्ला आणि नगरसूल नाशिक जिल्ह्यातले; रोटेगाव आपलं, कारण ते वैजापूरचं स्टेशन आहे. पूर्वेला धर्माबाद शेवटचं, त्यापुढं बासर तेलंगणात. पूर्णेहून अकोल्याकडं जाताना कन्हेरगाव नाक्यापर्यंत आपली हद्द. मुदखेडहून आदिलाबादकडं किनवट तालुका संपेपर्यंत. उदगीरच्या पुढं कमलनगर कर्नाटकात. धाराशिवच्या पुढं पांगरी लागतं ते बार्शी तालुक्यातलं, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं. आणि नगरकडून बीडला येणारी नवी लाइन आष्टी तालुक्यात शिरते तिथपासून आपली.

कडेची दोन-चार स्टेशनं हद्दीबाहेरची असली तरी करून टाका. बासरला न जाता धर्माबादहून माघारी फिरणं जिवावर येतं, आणि अंकाई-टंकाईचे किल्ले गाडीतून नुसते बघून सोडवत नाहीत. पण ती वहीत वेगळ्या पानावर लिहा.

‘केलं’ म्हणजे काय केलं?

हे पहिल्या दिवसाच्या आधी ठरवायचं, नाहीतर मध्येच सोयीचं होईल तसं बदलत जातं. गाडी न थांबता निघून गेली, ते स्टेशन धरायचं नाही, यावर कुणाचं दुमत नसेल. गाडी थांबली पण आपण खिडकीतच बसून राहिलो, तर? मी ते धरत नाही. माझा नियम असा: दोन्ही पाय फलाटावर टेकले पाहिजेत, स्टेशनची पाटी जवळ जाऊन वाचली पाहिजे, आणि येताना किंवा जाताना, निदान एका बाजूनं तरी, रेल्वेनं प्रवास झाला पाहिजे. दुसऱ्या बाजूनं एसटी, काळीपिवळी, मोटारसायकल काहीही चालेल.

शेवटची सवलत महत्त्वाची आहे. दोन्ही बाजूंनी रेल्वेच हवी असं धरलं तर काही हॉल्टवर, म्हणजे अगदी लहान थांब्यांवर, अख्खा दिवस जातो. ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी कडक नियम जरूर धरावा.

यादी आणि तक्ता

एका मोठ्या कागदावर लाइनी काढा. मधला कणा मनमाड-धर्माबाद. ही जुनी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, निजामाच्या काळात १९०० च्या सुमारास सुरू झालेली मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली. १९९० च्या दशकापासून ती टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली. या कण्यातून फाटे फुटतात: परभणीहून परळीला, पूर्णेहून हिंगोलीकडं, मुदखेडहून भोकर-किनवटकडं. परळीहून पुढं घाटनांदूर, पानगाव, लातूर रोड आणि उदगीर. लातूर रोडहून लातूर, तिथून धाराशिवमार्गे कुर्डुवाडीकडं. आणि सगळ्यांपासून तुटलेला, नगरला जोडलेला बीडचा फाटा.

आता प्रत्येक लाइनीवर स्टेशनं मांडा. स्टेशनचं नाव ऐकून गाव समजू नका. मानवत रोड म्हणजे मानवत नव्हे, लातूर रोड तर लातूरपासून तीसेक किलोमीटर लांब, चाकूर तालुक्यात. कळंब रोड, औसा रोड यांचंही तेच. नावात ‘रोड’ दिसलं की गाव दूर आहे आणि वाहन शोधावं लागणार असं समजावं. उलट वैजापूरला जायचं तर वैजापूर नावाचं स्टेशन शोधून मिळणार नाही, रोटेगावला उतरावं लागतं.

नावं बदललेली आहेत तेही लक्षात ठेवा. औरंगाबाद स्टेशन २०२५ पासून छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या तक्त्यांत, जुन्या ॲपमध्ये आणि लोकांच्या तोंडात अजून जुनी नावं आहेत. कोडही बदललेत, संभाजीनगरचा जुना एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला. कोड पाठ असले की शोधणं सोपं जातं: परभणी पीबीएन, पूर्णा पीएयू, लातूर रोड एलटीआरआर. जालन्याचा कोड नुसता ‘जे’, एकच अक्षर. देशात असा मान फार थोड्या स्टेशनांना आहे आणि जालनेकरांनी तो मिरवायला हवा.

यादी झाली की प्रत्येक स्टेशनासमोर तिथं थांबणाऱ्या गाड्या लिहा. त्यासाठी रेल्वेचं एनटीईएस ॲप पुरे. त्यात ‘लाइव्ह स्टेशन’ला स्टेशनचं नाव टाकलं की पुढच्या काही तासांतल्या गाड्या दिसतात. प्रत्येक गाडी आठवड्यातून किती दिवस धावते हे वेगळं उघडून बघा. एक्स्प्रेस गाड्यांचं जे छापील पुस्तक मिळतं त्यात पॅसेंजर सहसा नसतात, त्यामुळं त्यावर विसंबू नका. गाडीच्या नंबरावरूनही बरंच कळतं: पाच आकडी नंबर ५ नं सुरू झाला तर साधी पॅसेंजर, ६ नं मेमू (विजेवरची लोकलसारखी गाडी), ७ नं डेमू (तशीच, पण डिझेलवरची). ० असेल तर ती स्पेशल, आणि स्पेशल गाडी महिन्याभरानं असेलच असं नाही. देवगिरी, तपोवन, नंदिग्राम या गाड्या मोठ्या स्टेशनांसाठी. पोटूळ, कोडी, चुडावा असल्या ठिकाणी आपल्याला ५, ६, ७ च लागणार.

हा तक्ता भरायला एक पूर्ण संध्याकाळ जाते. ती वाचवू नका. मी एकदा वाचवली होती. एका हॉल्टवर दुपारी उतरलो, परतीची गाडी साडेपाचची म्हणून झाडाखाली निवांत बसलो. ती गाडी रविवारी धावत नाही हे तिथल्या चहावाल्यानं सांगितलं, आणि तो रविवार होता. तीन किलोमीटर चालत डांबरी रस्ता गाठला, एका दूधवाल्यानं गाडीवर घेतलं आणि रात्री साडेनऊला एसटी मिळाली. तेव्हापासून तक्त्यात ‘वार’ हा रकाना लाल शाईनं लिहितो.

उलट्या बाजूनं आखणी

तक्ता पूर्ण झाला की एकेका लाइनीवर सगळ्यात कमी गाड्या कुठं थांबतात ते बघा. त्या स्टेशनाला खूण करा. दिवसाची आखणी तिथून सुरू: या स्टेशनावर कोणत्या गाडीनं उतरायचं आणि कोणत्या गाडीनं निघायचं. हे दोन खिळे ठोकले की उरलेला दिवस त्यांच्या आजूबाजूला बसवायचा. मोठी स्टेशनं शेवटी भरा. जालना, परभणी, नांदेड, पूर्णा ही कधीही होतात, रात्री अकरालाही होतात. त्यांच्यासाठी दिवसाउजेडाची पॅसेंजर खर्ची घालू नका.

यात एक साधा हिशोब आहे आणि तो समजला की खोट्या आशा राहत नाहीत. एका गाडीनं आपण साधारण एकाच नव्या स्टेशनावर उतरतो. म्हणजे दिवसभरात जितक्या गाड्या धरता येतील तितकीच स्टेशनं. एखाद्या फाट्यावर जाऊन-येऊन दिवसाला सहा थांबणाऱ्या गाड्या असतील तर सहाच्या वर स्टेशनं होत नाहीत, आणि वेळा जुळल्या नाहीत तर तीनच होतात.

त्या सहाही गाड्या कामी याव्यात म्हणून ‘दोन पुढं, एक मागं’ अशी चाल धरायची. परभणी-परळी फाटा घ्या, साठेक किलोमीटरचा. परभणी सोडली की सिंगणापूर, पोखर्णी नृसिंह, धोंडी, गंगाखेड, वडगाव निळा, उखळी आणि परळी वैजनाथ. पहिल्या गाडीनं सिंगणापूर सोडून थेट पोखर्णीला उतरा. समोरून परभणीकडं जाणारी गाडी आली की ती धरून एक स्टेशन मागं, सिंगणापूरला. तिथून पुढच्या जाणाऱ्या गाडीनं गंगाखेड. परतीच्या गाडीनं मागं धोंडी. मग पुढं उखळी, मागं वडगाव निळा, आणि शेवटी परळी. सात गाड्या, सात स्टेशनं. एकही गाडी वाया गेली नाही. पुढं जाणाऱ्या चार, मागं येणाऱ्या तीन. एका दिवसात इतक्या सोयीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून हा फाटा दोन दिवसांचा धरा, आणि मधला मुक्काम गंगाखेडला करा. संत जनाबाईंचं गाव, गोदावरीचा घाट, आणि स्टेशनच्या अलीकडं गोदावरीवरचा रेल्वे पूल. तो पूल दिवसाउजेडीच ओलांडायचा असं आखणीत बसवा.

जिथं रस्ता चांगला आहे तिथं मधला दुवा रस्त्यानं जोडा. आपल्याकडं दोन स्टेशनांमधलं अंतर बहुतेक वेळा सात ते दहा किलोमीटर असतं. संभाजीनगर-जालना पट्ट्यात मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, बदनापूर ही स्टेशनं जालना रोडला धरून आहेत. तिथं एक गाडी, एक एसटी असं आलटून-पालटून केलं तर अख्खा पट्टा एका दिवसात होतो.

आणखी एक सोय एकेरी लाइनीवर मिळते: क्रॉसिंग. समोरून एक्स्प्रेस येणार असली की पॅसेंजर बाजूच्या लूप लाइनीवर घेऊन उभी करतात. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. स्टेशन मास्तरला किंवा गार्डला विचारा, “किती वेळ आहे?” वेळ असेल तर उतरून पाटी वाचून त्याच गाडीत परत बसता येतं, म्हणजे एका गाडीत दोन स्टेशनं. पण हे दान आहे, आखणीत धरायचं नाही. आणि परभणी ते मुदखेड दुहेरी लाइन झाली आहे, तिथं क्रॉसिंग नाही. पिंगळी, मिरखेल, चुडावा, लिंबगाव यांच्यासाठी सरळ पॅसेंजरच धरावी लागते.

तिकिटाचं

तुकड्या-तुकड्यानं प्रवास म्हणजे तुकड्या-तुकड्यानं तिकीट. परभणी-परळी एकच तिकीट काढून मध्ये गंगाखेडला उतरायचं आणि त्याच तिकिटावर पुढं जायचं, हे चालत नाही. मध्ये उतरून थांबायची सवलत ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटांना आहे. त्यामुळं प्रत्येक टप्प्याला नवं तिकीट. साध्या पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये आहे, तेव्हा खिशाला झळ लागत नाही. पॅसेंजरचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये मात्र चढू नका. तसं केलं तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड बसतो.

२०० किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळीच दिवसभराची सगळी तिकिटं काढून ठेवली तर दुपारची कागदं निरुपयोगी होतात.

मोबाइलवर तिकीट निघतं, पण अगदी रुळांजवळ उभं राहून नेहमीचं मोबाइल तिकीट निघत नाही, स्टेशनच्या हद्दीबाहेर थोडं चालत जावं लागतं. लहान हॉल्टवर नेटवर्कही जातं-येतं. तिथं तिकीट द्यायला कमिशनवर नेमलेला गावातलाच माणूस असतो, गाडीच्या आधी थोडा वेळ येतो आणि गाडी गेली की घरी जातो. त्याला दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा लागतात. मी पाचशेची नोट घेऊन हॉल्टवर कधीच जात नाही. स्टेशनात नुसतं बसायचं असेल, गाडीनं आलेलो नसू, तर प्लॅटफॉर्म तिकीट घ्या.

कोणता महिना, काय बरोबर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यावर मी ठाम आहे. मे महिन्यात उघड्या फलाटावर तीन तास काढणं हा हट्ट आहे आणि तो अंगाशी येतो. परभणी-नांदेडचा पारा तेव्हा चाळिशीच्या पार असतो आणि बऱ्याच हॉल्टवर शेड म्हणजे चार खांबांवरचे पत्रे. पावसाळ्यात शिवार देखणं दिसतं, पण गाड्यांच्या वेळा विस्कटतात आणि स्टेशनपासून गावापर्यंतची वाट काळ्या मातीची असली तर पाय निघत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र परळीच्या फाट्याला टाळा. आषाढीच्या आधी आणि नंतर आठवडाभर कुर्डुवाडीच्या बाजूला जाऊ नका. वारकऱ्यांनी भरलेल्या डब्यात आपण हौसेपोटी जागा अडवणं बरं दिसत नाही.

पाणी घरून, निदान तीन लिटर. नळ असतो, त्याला पाणी असेलच असं नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. हे दोन दिवस टिकतं आणि हात पुसायला कागद पुरतो. टोपी, पॉवर बँक, टॉर्च. टॉर्च अशासाठी की थंडीत सहाला अंधार पडतो आणि हॉल्टवरचे दिवे लागतातच असं नाही. गाडी थांबल्यावर डबा फलाटाच्या बाहेर आलेला असतो आणि पायरीखाली नुसती खडी. उतरताना पाय मुरगळायचा धोका तिथं असतो. आधी टॉर्च मारून खाली बघा, मग उतरा.

रुळावरून चालायचं नाही

हे वेगळं लिहितो कारण मोह खरा आहे. पुढचं स्टेशन समोर सिग्नलच्या पलीकडं दिसत असतं, रस्त्यानं वळसा दहा किलोमीटरचा आणि रुळानं सहा. जाऊ नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण कायदा बाजूला ठेवला तरी करमाड आणि बदनापूरच्या मधला रूळ आठवा. ८ मे २०२० ला पहाटे तिथं १६ मजूर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत जालन्याहून गावाकडं पायी निघालेली माणसं, थकून रुळावरच झोपलेली. त्यांना दुसरा मार्ग ठेवला गेला नव्हता. आपल्याला आहे. मी त्या पट्ट्यातून पॅसेंजरनं जाताना खिडकीतून बाहेर बघत राहतो आणि कुणाशी बोलत नाही.

विजेच्या गाड्या आल्यापासून आणखी एक भान हवं: त्यांचा आवाज कमी येतो. डिझेल इंजिन दोन किलोमीटरवरून कळायचं, हे कळत नाही. पाटीचा फोटो काढताना फलाटाच्या कडेला पाठ करून उभं राहू नका. आणि फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तरला सांगा. आजवर मला कुणी नाही म्हटलं नाही, पण न विचारता केबिनचे, सिग्नलच्या यंत्राचे फोटो काढायला लागलात तर हटकणारच, आणि ते बरोबर आहे.

उतरल्यावर काय बघायचं

नुसत्या खुणा करत सुटलात तर दहाव्या स्टेशनानंतर सगळी एकसारखी वाटायला लागतात. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक ठिकाणी मी तीन गोष्टी वहीत उतरवतो.

पहिली पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत मीटरचा आकडा. रोटेगावपासून धर्माबादपर्यंत हे आकडे क्रमानं लिहीत गेलात की गोदावरीचं खोरं पूर्वेला कसं उतरत जातं ते आपल्याच अक्षरांत समोर येतं. मध्ये एखादा आकडा चढतो, तिथं खिडकीबाहेर बघा, माळ लागलेला असतो. परळीहून घाटनांदूरकडं निघालात की आकडे उलटे फिरतात, गाडी बालाघाटच्या डोंगरात चढते.

दुसरी, स्टेशनातली सगळ्यात जुनी वस्तू. ती शोधावी लागते. कधी दगडी जोत्याची जुनी इमारत नव्या रंगाखाली लपलेली, कधी बंद पडलेली पाण्याची टाकी, कधी फक्त कडुनिंब. एका लहान स्टेशनावर मास्तरच्या खोलीबाहेर रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. खालची कड हातोडीचे घाव बसून बसून आरशासारखी चकचकीत, वरचं लोखंड मात्र गंजानं लाल. पॉइंट्समन बाहेर आला, त्यानं दोन टोले दिले, आणि आवाज फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन कापसाच्या शेतात विरला. बाकावर टेकलेल्या दोन बायांनी लगेच पिशव्या उचलल्या. गाडी अजून दिसत नव्हती.

तिसरी, कोण भेटलं. लहान स्टेशनावर अनोळखी माणूस उतरला की विचारपूस होतेच. “कुणाकडं आलाव?” हा पहिला प्रश्न. “कुणाकडंच नाही, स्टेशन बघायला आलोय” या उत्तरावर कुणी चिडत नाही. उलट मग सांगणं सुरू होतं. छोटी लाइन कधी मोठी झाली, कोणती गाडी आधी थांबायची आणि आता थांबत नाही, पोरगी नांदेडला शिकायला रोज कोणत्या गाडीनं जाते. हे ऐकायला वेळ ठेवा. गाडी येईपर्यंत तो असतोच.

काही फाट्यांबद्दल वेगळं

लातूर-धाराशिव पट्टा इतिहासासाठी सावकाश करावा. ही बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं उभी केलेली अडीच फुटी नॅरोगेज. १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोचली, आणि दुसऱ्या टोकाला १९२७ मध्ये मिरजेपर्यंत. शंभरेक वर्षं ती छोटी गाडी चालली. ब्रॉडगेज करताना लाइन वळवून धाराशिवला नेली. त्याआधी जिल्ह्याच्या गावाला रेल्वेच नव्हती, येडशीला जावं लागायचं. येडशीला उतरून हा वळसा नकाशावर ताडून बघा. ढोकीहून तेरला जाता येतं, म्हणजे प्राचीन काळचं व्यापारी शहर तगर. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. आणि लातूर स्टेशनात गेलात की २०१६ चा एप्रिल आठवा: मिरजेहून पाण्याची गाडी याच रुळांवरून आली होती, पहिल्या खेपेला दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर. त्या दिवसांत लातूरकरांनी घागरी मोजून दिवस काढले. त्या स्टेशनावर बाटलीतलं उरलेलं पाणी मी ओतून देत नाही.

किनवटचा फाटा अगदी वेगळा. भोकर सोडलं की हिमायतनगर, सहस्रकुंड, धानोरा डेक्कन, बोधडी, किनवट. काळी सपाट शेतं संपून सागाचं जंगल सुरू होतं. गाड्या कमी, वस्ती विरळ. सहस्रकुंडला पैनगंगेचा धबधबा बघायचा तर पावसाळ्याच्या शेवटी जा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. या एका फाट्यापुरता मी माझा नोव्हेंबरचा नियम मोडतो. मुक्काम किनवटला आधी ठरवून ठेवा.

हिंगोलीच्या फाट्यावर वसमत आणि चोंढी जोडून करा, चोंढीहून औंढा नागनाथ जवळ आहे. पूर्णा-अकोला लाइन २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. जुनी माणसं अजून ‘छोटी गाडी’ म्हणून आठवणी काढतात.

बीडच्या फाट्याला शेवटचा नंबर द्या, कारण तो उरलेल्या जाळ्याला अजून जोडलेला नाही आणि त्यासाठी आधी अहिल्यानगरला जावं लागतं. अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाइन १९९५ च्या सुमारास मंजूर झाली. आष्टीपर्यंत गाडी २३ सप्टेंबर २०२२ ला आली, बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं एका जिल्ह्यानं गाडीची वाट बघितली. कडा, आष्टी, अंमळनेर, विघनवाडी, रायमोहा, राजुरी या पाट्यांवरचा रंग अजून नवा आहे. इथं जुनी वस्तू शोधू नका, माणसं बघा. गाडी आली की पोराला खांद्यावर घेऊन दाखवणारे बाप अजून दिसतात.

गाडी रद्द झाली तर

होते. मेगाब्लॉक असतो, कधी इंजिन बिघडतं. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, असं दोनदा एनटीईएसवर बघा, १३९ वरही विचारता येतं. प्रत्येक स्टेशनासमोर तक्त्यात ‘जवळचा डांबरी रस्ता’ आणि ‘शेवटची एसटी’ हे दोन रकाने भरून ठेवा. दिवस मोडला तर मोडू द्या. उरलेली स्टेशनं घाईनं रस्त्यानं उरकून टाकण्यापेक्षा परत येणं चांगलं. आणि घरी एका माणसाकडं तुमच्या तक्त्याची प्रत असू द्या. नेटवर्क नसलेल्या हॉल्टवर तीन तास अडकलात तर घरच्यांना निदान कळतं की हा आत्ता कोणत्या पाटीखाली बसलेला असेल.

वही जाड घ्या, आणि बीडच्या पुढं परळीपर्यंत काही पानं कोरी सोडा. तिकडचं काम चालू आहे. मी माझ्या वहीत आठ पानं सोडली आहेत, वर नुसतं ‘बीड ते परळी’ असं लिहून.